खाँसाहेब अब्दुल करीम खाँ : दोन काळांच्या तबकड्या आणि एक माणूस

(द्वितीय वर्ष कला)

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. लेखक गेला तर त्याची पुस्तके मागे राहतात. राज्यकर्ता गेला तर त्याचे कागदपत्र आणि किल्ले राहतात. आपल्या जुन्नरला तर रोज सकाळी शिवनेरी समोर उभाच असतो. पण गवई गेला तर मागे काय राहते? भास्करबुवा बखले यांचेच उदाहरण घ्या. बालगंधर्वांचे ते गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. १९२२ साली ते निवर्तले. त्यांच्या गाण्याचा मोठेपणा सर्व जाणकारांनी एकमुखाने सांगितला आहे, परंतु तो आवाज आज आपल्यापैकी कोणालाही ऐकता येत नाही. त्यांची तबकडी उपलब्ध नाही. आपण फक्त दुसऱ्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ या बाबतीत भाग्यवान ठरले, आणि त्यांच्यामुळे आपणही. त्यांचा आवाज दोन वेळा यंत्रात पकडला गेला. पहिल्यांदा १९०५ च्या सुमारास, त्यांच्या वयाच्या तिशीत. दुसऱ्यांदा १९३४ ते १९३६ या काळात, साठी ओलांडल्यावर. मध्ये जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे. आज या दोन्ही काळांतल्या तबकड्यांचे गाणे मोबाईलवर सहज मिळते. एकामागून एक ऐकले तर हे दोन निराळे गवई असावेत असे वाटते. पहिल्यात आवाज तरणा व जोरकस आहे, ताना वेगाने सुटतात. दुसऱ्यात आवाज बारीक, आर्जवी. एकेका स्वराला हळुवार हात लावून पुढे सरकणारा. हा बदल कसा झाला? त्यात माणूस किती बदलला आणि यंत्र किती बदलले? या प्रश्नाच्या वाटेने गेले तर खाँसाहेबांचे सारे चरित्रच समोर उभे राहते.

युरोपात अशी तुलना करण्याची रीत जुनी आहे. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १९१३ साली आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बर्लिनच्या वाद्यवृंदाने तबकड्यांवर वाजवली. पुढे तोस्कानिनी आणि फुर्टव्हेंगलर यांनीही तीच वाजवली. कागदावरचे स्वर सर्वांना तेच. तरी एकाची धाव वेगळी, दुसऱ्याचा थांबा वेगळा. आपल्या रागसंगीतात तर कागदच नाही. राग ठरलेला, चीज ठरलेली, बाकी सारे गवयाने त्या क्षणी उभे करायचे. त्यामुळे आपल्याकडे दोन तबकड्यांची तुलना म्हणजे दोन माणसांची, किंवा एकाच माणसाच्या दोन वयांची तुलना असते.

ही तुलना करण्याचा अधिकार कोणाला, असे कोणी विचारील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आजीच्या लेखी राग म्हणजे रागावणे. पण हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा आणि भजनाच्या शेवटी भैरवी हे आमच्या कानांना लहानपणापासून ठाऊक आहे. भजनी मंडळातला पेटीवाला बुवांचा पहिला सूर ऐकताच काळी दोन की पांढरी चार हे सांगतो, आणि त्याने कुठल्याही विद्यालयात परीक्षा दिलेली नसते. जुन्नर-आंबेगावच्या मातीत असे कान पुष्कळ आहेत. रागसंगीत ऐकायला एवढी पुंजी पुरेशी आहे; बाकी लागतो तो धीर.

कैराना ते मिरज

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. 'किराणा' हे घराण्याचे नाव या गावावरून पडले. वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही, हे आपल्या वर्गमित्रांच्या माहितीसाठी सांगून ठेवते. वडील काले खाँ. घरात गायन, सारंगी आणि बीन यांची परंपरा होती. मुलगा गाऊ लागला तसा सारंगी व बीनही वाजवू लागला. पुढे त्याच्या गळ्यात जे आले त्याचे मूळ इथे आहे. सारंगीला पडदे नसतात. बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जाते, आणि मधली सारी जागा ऐकू येते. खाँसाहेबांचा गळा आयुष्यभर सारंगीच्या या चालीने चालला.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाडांचा दरबार तेव्हा गुणीजनांचा आश्रयदाता होता. दोघे भाऊ तिथे रमले असते. पण सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी अब्दुल करीम यांचे मन जुळले. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी. त्या काळी दरबारात हे खपणे शक्य नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. दरबाराची सावली गेली, ठरलेला तनखा गेला. मुंबई आणि मग दक्षिण महाराष्ट्राकडे त्यांचा मुक्काम हलला.

मिरजेला त्यांचे मन बसले. तेथे आजारी पडले असता मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने आपण बरे झालो अशी त्यांची श्रद्धा होती, असे सांगतात. मिरजेचे आणखी एक आकर्षण होते. पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तंबोरे घडवणारे कारागीर या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. तंबोरा लावण्याच्या बाबतीत खाँसाहेब फार काटेकोर होते. तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की तिचा झंकार बदलतो, त्याला जवारी म्हणतात. ती जवारी मनासारखी जमल्याखेरीज त्यांचे गाणे सुरू होत नसे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स हे एका सप्तकातील बावीस श्रुतींचा शोध घेत होते, तेव्हा त्यांनी ज्यांच्या गळ्याची मदत घेतली त्यांत खाँसाहेब होते. स्वर किती उंच आणि किती खाली, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

कर्ण्यापुढे गाणे

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्यास गोहरजान यांच्या तबकड्या निघाल्या. नंतर तीनेक वर्षांत अब्दुल करीम खाँ यांचाही आवाज मुद्रित झाला. त्या वेळचे यंत्र कसे होते हे समजून घेतल्याशिवाय त्या तबकड्यांना न्याय देता येणार नाही.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असे. गवयाने त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर रेघ ओढी. सगळे काम आवाजाच्या जोरावर चाले, विजेची मदत नाही. साहजिकच हळू लावलेला स्वर त्या रेघेत उमटतच नसे. तंबोऱ्याचा झंकार तर जवळजवळ हरवून जाई. अशा यंत्रापुढे कोणीही गवई मोठ्याने गाईल, आणि तीन-साडेतीन मिनिटांत आपली करामत दाखवायची म्हणून ताना लवकर घेईल. तबकडीच्या एका बाजूवर तेवढाच वेळ मावत असे. ज्या रागाला मैफलीत तास लागावा त्याला चहा उकळायला लागतो तेवढा अवधी.

तिसरी गोष्ट गतीची. पुढे मिनिटाला ७८ फेरे ही चाल रूढ झाली, पण सुरुवातीच्या तबकड्या वेगवेगळ्या गतींनी मुद्रित होत. समजा, ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी कोणी ७८ वर वाजवली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. आवाज बारीक होतो, ताना आणखी वेगाच्या वाटतात. म्हणजे ज्याला आपण गवयाचा गुण किंवा दोष समजतो तो कधीकधी चावी देणाऱ्याचा असतो. जुने गाणे ऐकताना ते पेटीवर जुळवून पाहावे. गवयाची पट्टी एका तबकडीत काळी एक आणि त्याच दिवसाच्या दुसऱ्या तबकडीत काळी दोन निघाली, तर आधी यंत्रावर शंका घ्यावी, मग गवयावर.

इतकी वजाबाकी केल्यावरही १९०५ च्या त्या गाण्यात काही उरते. तिशीतल्या माणसाचा आत्मविश्वास उरतो. बडोदे सोडलेले, दरबार नाही, पाठीशी कोणी नाही, आणि संसार वाढतो आहे. अशा माणसाने गावोगाव मैफली जिंकायच्या होत्या. त्या गाण्याची चाल जिंकायला निघालेल्या गवयाची आहे.

विद्यालय आणि घर

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतले. उस्तादांच्या घराण्यात विद्या मुलाला किंवा भाच्याला द्यायची, बाहेरच्याला दहा वर्षे सेवा करायला लावून चार चिजा द्यायच्या, अशी सर्वसाधारण रीत होती. खाँसाहेबांनी शिष्य बाहेरून घेतले, आणि ते बहुतेक महाराष्ट्र-कर्नाटकातले ब्राह्मण व इतर जातींचे मुलगे होते. गरीब शिष्यांच्या राहण्याजेवणाची सोय विद्यालयात असे. खर्च भागवायला जाहीर जलसे करायचे. आज आपण तिकीट काढून गाण्याला जातो यात नवल वाटत नाही, पण गाणे दरबारातून बाहेर काढून तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसापर्यंत आणणाऱ्या पहिल्या पिढीत खाँसाहेब होते. त्यांनी पाळलेल्या कुत्र्याला सुरात आवाज काढायला शिकवले होते आणि जलशात त्याचाही कार्यक्रम असे, अशी एक गंमत सांगितली जाते.

कुंदगोळचे रामभाऊ हे त्यांचे थोर शिष्य. पुढे महाराष्ट्राने त्यांना सवाई गंधर्व म्हणून ओळखले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे दुसरे निष्ठावंत शिष्य. त्यांनीच पुढे गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. गोव्याच्या केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापुरात काही महिने खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. पुढे त्या अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या.

मात्र शिष्यांना घर देणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर टिकले नाही. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पाच मुले. त्यांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाल्या, सकीना सरस्वती झाल्या. कृष्णराव आणि कमलाबाई ही आणखी दोन भावंडे. बडोद्यावरून बडोदेकर हे आडनाव हिराबाईंनी घेतले. ज्या शहरातून आईबापांना बाहेर पडावे लागले त्याच शहराचे नाव मुलीने आयुष्यभर मिरवले. या मुलांच्या नावात बापाचे नाव कुठेच उरले नाही.

चरित्र वाचताना हा प्रसंग आला की आपण कोणाची तरी बाजू घेऊ पाहतो. ताराबाईंनी पाच मुलांना एकटीने वाढवले, त्यांना गाण्यात उभे केले, याला लहान म्हणता येणार नाही. खाँसाहेबांचे गाणे मोठे म्हणून घरातले त्यांचे वागणे आपोआप योग्य ठरत नाही. आणि घर मोडले म्हणून गाणे खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच हे चरित्र वाचावे लागते.

दक्षिणेकडचा रस्ता

खाँसाहेबांना म्हैसूर दरबाराचे बोलावणे वारंवार येई. मिरजेहून म्हैसूरला जाताना हुबळी-धारवाड वाटेत लागे. त्या भागात त्यांचे मुक्काम होत आणि गाणे होई. उत्तर कर्नाटकात किराणा घराण्याचे एवढे मोठे गवई पुढे का झाले याचे उत्तर बऱ्याच अंशी या रस्त्यात आहे.

म्हैसूर आणि मद्रासकडे त्यांनी कर्नाटक संगीत ऐकले. उत्तरेकडचे बरेच उस्ताद त्या संगीताकडे परके म्हणून पाहत. खाँसाहेबांनी ते कान देऊन ऐकले आणि त्यातून घेतले. रागात आलाप घेताना मध्येच स्वरांची नावे गात जायची, ही सरगमची पद्धत त्यांनी आपल्या गाण्यात खुलवली. त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृतीही त्यांनी तबकडीवर गायली आहे. उत्तरेत जन्मलेला, महाराष्ट्रात राहिलेला मुसलमान गवई तेलुगू भाषेत रामाची स्तुती गातो आहे, हे ज्याला ऐकायचे असेल त्याला आजही ऐकता येते.

साठीनंतरचे गाणे

१९२५ नंतर ध्वनिमुद्रणात वीज आली. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. आता ओरडण्याची गरज उरली नाही. हलक्या आवाजात लावलेला स्वरही तबकडीत उतरू लागला. १९३४ ते १९३६ या काळात ओडियन कंपनीसाठी खाँसाहेब गायले ते या नव्या यंत्रापुढे. आज त्यांचे म्हणून जे गाणे आपण ओळखतो ते बहुतेक याच तबकड्यांतले आहे. झिंझोटीतली ठुमरी, भैरवी, जोगिया, वसंत, गुजरी तोडी, आणि 'मानापमान' नाटकातले 'चंद्रिका ही जणू' हे मराठी पददेखील.

मग फरक यंत्रामुळेच पडला का? काही अंशी होय, हे मान्य करायला हवे. मायक्रोफोन नसता तर तो हळुवारपणा आपल्यापर्यंत पोचला नसता. पण मायक्रोफोन सर्वांनाच मिळाला होता. त्याच काळातल्या अनेक गवयांनी त्यापुढेही जोरदार ताना मारल्या. अवधी पूर्वीइतकाच होता, तीन-साडेतीन मिनिटे. त्यात खाँसाहेबांनी काय करायचे ठरवले हे पाहिले पाहिजे. जोगियात ते घाई करत नाहीत. कोमल ऋषभावर येतात, थांबतात, पुन्हा षड्जावर जातात. वेळ थोडा आहे याची त्यांना चिंता दिसत नाही. तीन मिनिटांत सर्व काही दाखवण्याचा हट्ट त्यांनी सोडला होता. थोडेच दाखवायचे, पण ते पूर्ण सुरात. १९०५ सालच्या तबकडीत हा निर्णय ऐकू येत नाही. तो मधल्या तीस वर्षांनी घडवला.

वामनराव देशपांडे यांनी आपल्या घराण्यांवरील ग्रंथात स्वर आणि लय अशी दोन टोके मानून किराणा घराण्याला स्वराच्या टोकावर बसवले. त्याची साक्ष या तबकड्या देतात. काही जाणकारांचा यावर आक्षेपही असतो. खाँसाहेबांचे लयीकडे दुर्लक्ष झाले, शब्द पुसट झाले, गाणे फार रडवे झाले, असे ते म्हणतात. हा आक्षेप अगदीच फेटाळण्याजोगा नाही. त्यांच्या ठुमरीतले शब्द प्रथम ऐकताना नीट कळत नाहीत हे खरे आहे. पण वसंतातली त्यांची द्रुत चीज ऐकावी. तबल्याबरोबर ती खेळत जाते आणि होळीचा सारा उत्साह त्यात आहे. जो माणूस वसंत इतका उत्फुल्ल गाऊ शकतो त्याने जोगिया संथ गायला तो निवडून गायला, जमत नव्हते म्हणून नव्हे.

त्या आर्त आवाजात मोडलेल्या घराचे दुःख आहे, असे म्हणण्याचा मोह ऐकणाऱ्याला होतो. तो आवरलेला बरा. दुःख पुष्कळांना होते, सूर असा पुष्कळांचा लागत नाही. सुरामागे सारंगी आहे, बीन आहे, जवारीचा धागा सरकवत घालवलेले तासन् तास आहेत, म्हैसूरचा रस्ता आहे. चरित्राने आपल्याला गाण्याची कारणे शोधायला मदत करावी, पण कारण म्हणून एकच अश्रू पुढे करू नये.

सिंगपेरुमाळकोईल

१९३७ साली खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तेथून पाँडिचेरीला अरविंदाश्रमात गाण्यासाठी निघाले. गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर अंथरूण पसरले, तंबोरा लावला आणि दरबारी रागात त्यांनी परमेश्वराची प्रार्थना म्हटली, असे त्यांच्याबरोबरच्या शिष्यांनी सांगितले आहे. तिथेच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. त्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते आणि हिंदुस्थानातले मोठमोठे कलावंत तिथे बिदागीचा विचार न करता हजेरी लावत आले आहेत.

त्या फलाटावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. त्यांचा शेवटचा दरबारी ज्यांनी ऐकला त्यांच्यासोबतच तो गेला.

एक चीज, अनेक गळे

तबकड्या मात्र फिरत राहिल्या. गदगमध्ये एका दुकानात खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि एक शाळकरी मुलगा तसेच गाणे शिकायचे म्हणून घर सोडून निघाला, ही कथा सर्वांच्या ओळखीची आहे. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे त्यांना गुरू मिळाले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्व १९५२ साली वारले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. इथून पुणे शंभरेक किलोमीटर. आपल्या भागातलेही रसिक तिकडे जातात.

आता तुलनेची खरी मौज इथे आहे. जोगियातली जी ठुमरी खाँसाहेबांनी तबकडीवर गायली तीच भीमसेनजींनीही गायली. खाँसाहेबांचा आवाज रेशमाच्या धाग्यासारखा. भीमसेनजींचा घनगंभीर, छातीतून येणारा. एकाला साडेतीन मिनिटे, दुसऱ्याला मोठ्या तबकडीची ऐसपैस बाजू. शिष्याच्या शिष्याने नक्कल करायची म्हटली असती तर या गळ्यात ती शोभली नसती. त्यांनी स्वराची आस घेतली, आवाज घेतला नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज तर पुरुषी वाटावा इतका भारदस्त, तरी एकेक स्वर वाढवत नेण्याची रीत किराण्याचीच. हिराबाईंची गोष्ट आणखी निराळी. वडिलांची तालीम त्यांना सलग लाभली नाही. त्या शिकल्या घराण्यातल्याच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे व भाऊ सुरेशबाबूंकडे. तरी त्यांची तबकडी ऐकताना, स्वर लावण्याच्या पहिल्याच क्षणी, वडिलांची आठवण होते. नाव पुसले गेले तरी सूर पुसला गेला नाही.

आम्हां विद्यार्थ्यांना यातून एक विचार सुचतो. परीक्षेसाठी गाईड पाठ करून उतरवणे यालाच आम्ही शिकणे समजतो. किराणा घराण्यात गुरूची हुबेहूब नक्कल करणारा कोणी मोठा झाला नाही. ज्याने गुरूचा कान घेतला आणि गळा स्वतःचा ठेवला तो मोठा झाला. ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. तीन पिढ्यांच्या तीन तबकड्या लागोपाठ ऐकल्या की पटते.

आणखी एक गोष्ट आपल्या गावांकडे पाहताना जाणवते. खाँसाहेब भाग्यवान म्हणून त्यांचे दोन काळ आपल्याला ऐकता येतात. नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून गाजले, ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीपाशी पिढ्यान् पिढ्या भजन चालू आहे, भीमाशंकरच्या खोऱ्यात लग्नाची आणि कामाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांचे तरुणपणचे गाणे कोणी जपून ठेवले? आज मुद्रणाचे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. त्याला कर्णा लागत नाही, मेणाची चकती लागत नाही, साडेतीन मिनिटांची अटही नाही. येत्या सप्ताहात आपापल्या गावच्या सर्वांत वृद्ध बुवांचा एक अभंग मुद्रित करावा; सोबत गाव, तारीख आणि पेटीची पट्टी तेवढी लिहून ठेवावी, म्हणजे पुढे ऐकणाऱ्याला चावी देणाऱ्याची शंका राहणार नाही. तीस वर्षांनी त्याच गावात कोणी दुसरा बुवा तोच अभंग गाईल, तेव्हा कोणीतरी दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकू शकेल.